मालकांच्या गाडीचे मागचे दिवे

आमच्या घरमालकांच्या शर्टाला एकच लांब बाही असायची, उजवी. डावी कोपराच्या वर संपायची आणि उजवी थेट मनगटापर्यंत यायची, पांढरीशुभ्र, नीळ घातलेली. शर्ट चौकटीचा असो की चॉकलेटी, ती बाही पांढरीच. नव्या माणसाला वाटायचं, हातावर कोड असेल, भाजलं असेल. मलाही वाटलेलं. खोली बघायला गेले तेव्हा मी त्या हाताकडे बघायचं टाळत होते आणि ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"बग, बग," म्हणाले. "बगायसाठीच हाय तो."

हात गाडीसाठी होता. ब्रेक दाबला की गाडीचे मागचे लाल दिवे लागायला हवेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मालकांच्या गाडीचे कधी लागायचे, कधी नाही. का, ते कुणाला सापडत नव्हतं. गाडी जुनी, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या बऱ्या दिवसांतली; ती विकायचा विषय घरात निघाला की ते जेवणावरून उठायचे. तर उपाय म्हणून मालक ब्रेक दाबताना खिडकीतून उजवा हात बाहेर काढत आणि तळवा खाली करून सावकाश वर-खाली हलवत. पूर्वी गाडीचा परवाना काढताना हेच शिकवायचे म्हणे. मागच्या माणसाला हात ठळक दिसावा म्हणून बाही पांढरी. सून असली बाही लावून द्यायला तयार नव्हती, म्हणून ते बाजारातल्या एका शिंप्याकडून करून आणायचे आणि शिंप्याला दर वेळी पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचे.

मालक गेले त्याला आता वर्ष होत आलं. इमारतीत त्यांचा विषय निघाला की लोक ही बाहीची गोष्ट सांगून हसतात. मीही हसते. पण मला पुढचं माहीत आहे, त्यामुळे माझं हसू लवकर संपतं.

माणूस गोड होता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाण्याची चावी ते स्वतः सोडायचे आणि स्वतःच बंद करायचे. कुणी "मालक, अजून थोडा वेळ" म्हटलं की त्या दिवशी लवकर बंद. गच्चीला कायम कुलूप. गणपतीत स्पीकर फार कर्कश वाजतो म्हणून त्यांनी पकडीनं वायर कापलेली, आणि मंडळ त्यांच्याच मुलाचं होतं. मुलगा वॉर्डातला वजनदार माणूस, मागेपुढे चार पोरं घेऊन हिंडणारा. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, बापाची खोली तळमजल्यावर, आणि दोघांचं बोलणं बहुतेक जिन्यातून ओरडूनच चालायचं.

वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला ही इमारत. जमीन त्यांच्या घराण्याची. त्याआधी घराणं मिठागरावर राबायचं. आजा, बाप आणि तरुणपणी हे स्वतः. खाडी आता आमच्या गच्चीवरून दिसत नाही, मध्ये टॉवर आलेत, पण भरती कधी आणि ओहोटी कधी हे मालकांना खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं. "आज उधान हाय, जपून जा गो बाय," असं मला बजावायचे. मी कामावर जायची ती चालत, पुढच्याच गल्लीत, आणि तिथवर खाडीचं पाणी अजून तरी आलेलं नाही.

मला खोली मिळाली तीही गाडीमुळेच. एकट्या बाईला ठाण्यात खोली मिळवताना काय काय उत्तरं द्यावी लागतात ते ज्या बायकांनी दिलीत त्यांना विचारा. मी डोंबिवलीहून आलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, आणि आधीच्या प्रत्येक ठिकाणी "मिस्टर काय करतात" इथपर्यंत आलं की खोली दुसऱ्याला दिलेली असायची. मालकांनी नवऱ्याचं नावही काढलं नाही. "काम काय करतं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, कारखान्यात, गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात, ते मी तपासते. मालक खुर्चीत पुढे सरकले.

"मंग माजे गारीचा लाईट बगशील?"

मी म्हटलं, मी नवी वायर तपासते, कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी. गाडीत बसल्यावर तिचं काय होतं ते माझ्या खात्यात येत नाही. गॅरेजला दाखवा.

"दाकवलाय," ते वैतागून म्हणाले. "समद्यांना दाकवलाय. गॅरेजान गेला का लागतो, तिथनं निगाला का लागत नाय. माजी गारी त्यांना घाबरतं."

तरी खोली दिली. हातात चावी ठेवली, आणि मग गाडीची डिकी उघडून आतल्या गोणीतून मूठभर मीठ काढून कागदाच्या तुकड्यावर घेतलं. कागद मला दिला नाही, पायरीवर ठेवला आणि म्हणाले, उचल. मीठ हातात हात देऊन दिलं की भांडण होतं, हे माझी आईसुद्धा मानायची, त्यामुळे मला ते वावगं वाटलं नाही. मीठ जाडं होतं, करडं, थोडं ओलसर. त्यांच्या मिठागराचं शेवटचं पीक. पुढे मिठागर बंद झालं, पण शेवटच्या राशीच्या गोण्या मालकांनी भरून आणल्या आणि त्या पुरवून पुरवून वापरत होते. नवा भाडेकरू, नवी नवरी, बारशाचं घर, दवाखान्यातला डॉक्टर, ज्याला त्याला मूठभर. दुकानातल्या पिशवीतल्या मिठाला ते मीठ म्हणायचे नाहीत, "पावडर" म्हणायचे.

गोणी डिकीत का, तर घरात सून ठेवू देईना. दमट दिवसांत मीठ पाणी सोडतं आणि तिच्या फरशीवर डाग पडतात. त्यात तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

नवरात्रात मालक टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायचे, तेही गाडीनंच, म्हणजे जिथे सायकल ढकलत नेणंही मुश्कील तिथे. एकदा मला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींना सोबत घेतलेलं. नाक्याच्या अलीकडे गर्दी अडलेली, मालक दर हातभर अंतरावर ब्रेक दाबत होते आणि दर वेळी पांढरा हात बाहेर. एका बाईच्या डोक्याला लागला. एका फुगेवाल्याच्या दोऱ्या त्यात अडकल्या. शेवटी ट्रॅफिकचा हवालदार खिडकीशी आला.

"आजोबा, हात आत घ्या."

"का?"

"लोकांना लागतोय. ब्रेकचा लाईट नाही का गाडीला?"

"लाईटचा काय भरवसा? हाच हात दाकवला तवा मना लायसन भेटला."

"आता कोण हात बघतं, आजोबा? लोक लाईट बघतात."

मालक त्याच्याशी इतके भांडले की मागे हॉर्नची रांग लागली. मागच्या सीटवर आम्ही तिघी हसून हसून रडकुंडीला आलेलो. त्या हवालदाराचं शेवटचं वाक्य मात्र खरं होतं आणि ते खरं आहे हे मालकांनाही कळत असणार. म्हणूनच ते एवढे चिडले.

अपघात झाला तो शीळ रस्त्यावर. मालक कल्याणला नातलगाकडे गेलेले, परत येत होते. संध्याकाळ, दिवे लावावेत की न लावावेत अशी वेळ, आणि मालकांनी अजून लावले नव्हते. पुढून एक म्हैस रस्त्यात आली. त्यांनी ब्रेक दाबला, हात बाहेर काढला. मागून स्कूटर येऊन आदळली.

स्कूटरवरचा मुलगा विशी-बाविशीचा. खडवलीचा, रात्रपाळीला ठाण्याकडे निघालेला. हेल्मेट होतं, पण ते हँडलला अडकवलेलं. त्याला इस्पितळात नेईपर्यंत तो बोलत होता म्हणे. तिथे पोचल्यावर बोलायचा थांबला.

मालकांना खरचटलंसुद्धा नाही. ते त्याच इस्पितळाच्या बाकावर बसून राहिले. त्यांचा मुलगा न्यायला गेला तरी उठेनात. स्कूटरवरच्या पोराचा बाप आला तेव्हा ते तिथेच होते. बापाची खडवलीत पिठाची गिरणी; अंगावर, भुवयांवर पीठ तसंच घेऊन आलेला. आतून बाहेर आल्यावर कुणीतरी त्याला मालक दाखवले, हीच ती गाडी, हेच ते. मालकांचा मुलगा पुढे झाला, आता हा अंगावर येणार म्हणून. तो माणूस मालकांपुढे आला आणि त्यानं हात जोडले.

"माफ करा," तो म्हणाला. "माझ्या पोरानं तुमची गाडी ठोकली. तुम्हाला लागलं नाही ना?"

हे मला मालकांनीच सांगितलं, आणि किती वेळा सांगितलं त्याचा हिशोब नाही. दुसरं काही सांगताना ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "त्यानं हात जोरले. मना. मना हात जोरले गो."

कागदोपत्री सगळं लवकर मिटलं. मागून ठोकणाऱ्याची चूक, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. गाडी त्या रात्री घरी आणली होती; दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या आवारात नेल्यावर तपासणीसाहेबानं ती बघितली. मागची एका बाजूची काच फुटलेली, पण ब्रेक दाबल्यावर दिवे दोन्हीकडचे लागले. त्यानं तसं लिहिलं. मालकांच्या मुलानं गाडी सोडवून आणली, पत्रा ठोकून घेतला, काच बदलली आणि बापाला सांगितलं, झालं ते झालं, आपली काही चूक नाही, आता देवाचं नाव घे.

मालकांनी देवाचं नाव घेतलं नाही. ते रोज संध्याकाळी इमारतीखाली उभ्या गाडीत जाऊन बसायला लागले. ब्रेक दाबायचे, मग उतरून मागे जायचे. मागे जाईपर्यंत ब्रेक सुटलेला. पुन्हा बसायचे. दाबणारा आणि बघणारा एकच माणूस असू शकत नाही, मग जो येईल-जाईल त्याला हाक. "ए, मागं उभा रा. लागला का बग." पहिले काही दिवस लोक थांबले. लागतो, मालक. लागला, मालक. झक्क लागतोय. मग लोक गेटमधून येताना आधी डोकावून बघायला लागले आणि मालक गाडीत दिसले की मागच्या बाजूनं, पाइपांच्या गल्लीतून घरी जायला लागले. मीसुद्धा दोनदा तशी गेले.

तिसऱ्यांदा त्यांनी मला पकडलं. मी मागे उभी राहिले. दिवे लागले, लालभडक. मी सांगितलं.

"आज लागतो ते मनापन कलतंय," मालक खिडकीतून मान काढून म्हणाले. आवाज बसलेला होता. "त्या दिवशी लागला का ते सांग."

ते मला कसं सांगता येणार होतं? पण मी त्यांचा चेहरा बघितला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. जेवण सुटलंय हे सुनेकडून ऐकलेलं. आणि त्यांना जे हवं होतं ती सुटका नव्हती, ती तर सगळ्यांनी मिळून देऊन टाकलेली होती. त्यांना हवं होतं ते उत्तर. पोरानं समोर न बघता गाडी ठोकली, की त्याला दिवा दिसलाच नाही? एक तर तो मूर्खपणानं मेला, नाहीतर ह्यांच्या गाडीनं मेला. मधलं काही नव्हतं. मी म्हटलं, रविवारी बघते.

रविवारी सकाळी मी माझा टेस्ट लॅम्प घेऊन खाली गेले. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. जिथे टोचाल तिथे वीज आहे की नाही एवढंच तो सांगतो. फ्यूज बघितला, चांगला. ब्रेकच्या पायाजवळ वर एक बटण असतं, पाय दाबला की ते सुटतं आणि दिव्याकडे वीज जाते; ते चांगलं. बल्ब, त्यांची घरं, सगळं स्वच्छ. मालक आत बसून दाबत होते, मी मागे बघत होते, दिवे दर वेळी लागत होते. वर गॅलरीत त्यांचा मुलगा ब्रश करत उभा होता. "ताई, सोडा ना," तो म्हणाला. "कशाला म्हाताऱ्याच्या नादी लागता?"

कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. टेबलावर मोकळी ठेवलेली वायर कधीच खराब नसते. गाडीत ती जशी वळणार, दबणार, ताणली जाणार तशी करून मगच तपासायची. मी मालकांना म्हटलं, त्या दिवशी गाडी जशी होती तशी मला करून द्या. अगदी तशी.

मालक विचार करायला लागले. पुढे पाण्याची बाटली होती. मागच्या सीटवर छत्री आणि नारळाची पिशवी. काचा खाली होत्या.

"आणि डिकीत?"

"डिकीन काय? मीठ."

"मग आता कुठाय?"

"जिन्याखाली. गारी पोलिसांकर न्यायची व्हती तवा मी काडून ठेवला."

"आणि गॅरेजला नेताना?"

"तवापन काडतो. ती पोरा चपला घालून डिकीन चरतात. मीठ तुडवायचा नसतो गो."

हे बोलून त्यांनी जिन्याखाली बघितलं. मीही. इतकी वर्षं गाडी गॅरेजला जायची ती गोणीशिवाय, आणि रस्त्यावर धावायची ती गोणीसकट. गॅरेजवाल्यांनी आणि तपासणीसाहेबानं जी गाडी तपासली ती मालक चालवत असलेली गाडी नव्हतीच.

आम्ही दोघांनी जिन्याखालची गोणी ओढत आणली आणि डिकीत टाकली. ती नेहमी असायची तिथेच, डाव्या कोपऱ्यात. मालक जाऊन बसले. "दाबलाय," म्हणाले.

काही नाही. लाल काचा तशाच मंद, मेलेल्या. मी खात्री करायला पुन्हा दाबायला सांगितलं. नाही. बल्बच्या घराला टेस्ट लॅम्प टोचला तर तो लागला, म्हणजे वीज तिथवर येत होती. गोणीमागे डिकीच्या भिंतीला लावलेला पुठ्ठा मी हातानं वाकवला आणि बघितलं. दिव्यापर्यंत वीज नेणारी एक वायर असते, तशी तिथून परत नेणारीही असते. ही दुसरी गाडीच्या पत्र्यालाच नटानं आवळलेली असते, आणि ह्या गाडीत दोन्ही बाजूंच्या दिव्यांची मिळून ती एकच होती. त्या कोपऱ्यातला नट आणि भोवतीचा पत्रा मिठाच्या पाण्यानं पार खाल्लेला होता, हिरवा-पांढरा भुसा नुसता. गोणी टेकली की पुठ्ठा वायरीला दाबायचा आणि तिचं टोक नटापासून जेमतेम सुटायचं. गोणी काढली की टोक परत टेकायचं आणि दिवा लागायचा. मी माझ्याजवळची एक वायर घेतली, एक टोक दिव्याला आणि दुसरं खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला लावलं. गोणी जागेवर असतानाही दिवे लख्ख लागले.

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला, येणारच. म्हातारा माणूस, किती दिवसांचा सोबती, कशाला? पण मालक गाडीतून उतरून माझ्यापाशी आले होते आणि त्या भुशाकडे बघत होते. मिठानं लोखंडाचं काय होतं हे मिठागरातल्या माणसाला मी काय सांगणार होते?

"नव्हता लागला, मालक," मी म्हटलं.

त्यांनी बोटानं तो हिरवा भुसा खरवडला. बराच वेळ खरवडत राहिले.

"मंग पोराची चूक नाय," ते म्हणाले. पुढे आणखी हळू म्हणाले, "आनी त्यानं मना हात जोरले."

वरून मुलगा धावत खाली आला. त्यानं सगळं ऐकलेलं. आधी बापावर ओरडला, मग माझ्यावर. हे इमारतीबाहेर गेलं तर बघा, म्हणाला. ताई, तुम्ही दुसरी खोली शोधा. मालकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ती कुटं जानार नाय," एवढं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते एकटे रिक्षा करून पोलिसांकडे गेले. तिथे कुणीतरी त्यांना पाणी दिलं, आजोबा, केस बंद झालीय, घरी जाऊन आराम करा म्हणून सांगितलं आणि परत रिक्षात बसवून दिलं. त्याच आठवड्यात उरलेलं सगळं मीठ त्यांनी टेम्पोत घालून खाडीवर नेलं आणि पाण्यात सोडलं. ज्याच्या चवीवर आयुष्यभर इतका गर्व केला ते मीठ. त्यानंतर ते दुकानातलं खायचे आणि त्याबद्दल काही बोलायचे नाहीत.

खडवलीला त्यांनी मला चालवायला सांगितलं. स्टेअरिंगला हात लावणार नाही म्हणाले. मी आधी नवी वायर दुसऱ्या, चांगल्या पत्र्यावर पक्की बसवली. ती बसवल्याशिवाय मी गाडी रस्त्यावर काढणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं. वाटेत ते माझ्या डाव्या बाजूला बसून होते, दोन्ही हात मांडीवर.

गिरणी रस्त्यालगतच होती, मागे घर. पट्टा फिरत होता. आम्हाला बघून त्या माणसानं गिरणी बंद केली आणि ओळखल्यावर तो धावतच बाहेर आला.

"अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? या, बसा." खुर्ची पुसून पुढे केली. आत बघून चहा टाक म्हणून सांगितलं. आतून उत्तर आलं नाही.

मालक बसले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. गोणी, नट, दिवा. मी मध्ये कुठे अडलं तर जोडत होते. तो माणूस ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळा वेळ एक समजूतदार भाव होता, आणि मालकांचं बोलून झाल्यावर तो त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे. पण माझ्या पोराला मी ओळखतो ना. वेडावाकडा चालवायचा. समोर लक्ष नाही. हजारदा सांगितलं, गाढवा, पुढं बघ, पुढं बघ. मेला तो स्वतःच्या कर्मानं. मी तर दिवसकार्याला पण सगळ्यांपुढं बोललो, कोणी दुःख करू नका, आंधळा होता माझा पोरगा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही."

"आंधला नव्हता," मालक म्हणाले. "माजे गारीनं त्याला सांगितलाच नाय. तू त्याला आंधला बोलू नको रे."

त्या माणसाचा हात मालकांच्या दंडावरून खाली आला. तो समजूतदार भाव गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही, मी दुसरीकडे बघितलं.

"दाखवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, आता दुरुस्त केलंय काका.

"तसं करा पुन्हा. तेव्हा होतं तसं करा आणि मला दाखवा."

मी डिकी उघडून नवी वायर सोडवली, आणि गोणी आता नव्हती म्हणून जुन्या वायरीचं टोक नटापासून सुटेल असा पुठ्ठा आत दाबून अडकवला. मी पुढे जाऊन बसणार तेवढ्यात मालकांनी मला बाजूला केलं. "मी दाबनार," म्हणाले. "तवापन मीच दाबलेला." आणि तेच स्टेअरिंगपाशी बसले.

तो माणूस गाडीच्या मागे गेला. अगदी जवळ उभा राहिला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे सरकत सरकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. स्कूटर असेल तेवढ्या अंतरावर. उन्हं उतरली होती.

"दाबा," तो म्हणाला.

"दाबलाय," मालक म्हणाले.

तो बघत राहिला.

"दाबला का?"

"दाबलाय रे."

"नीट दाबला का? जोरात?"

मी खिडकीतून आत वाकून बघितलं. मालकांचा पाय तळाला टेकलेला होता. मी मागे वळून त्याला ओरडून सांगितलं, "दाबलाय काका. पूर्ण दाबलाय."

तो आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग घराकडे तोंड करून त्यानं हाक मारली. "अगं, ये. बाहेर ये जरा. हे बघ."

ती दारात आली. पदराला हात पुसत नवऱ्यापाशी गेली आणि त्यानं बोट केलं तिकडे, गाडीच्या मागच्या बाजूकडे, बघायला लागली.

"दाबला का?" त्यानं पुन्हा विचारलं.

"दाबलाय," मालक कसेबसे म्हणाले.

तिनं त्या न लागलेल्या दिव्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मी सांगत होते तुम्हाला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तो रस्त्याच्या कडेला तसाच राहिला. मालकांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही, आणि मीही काढा म्हणाले नाही.